दवाखान्याची बिलं कोण मोजतं? फाफ्सा, सीएसएस प्रोफाइल आणि कॉलेजच्या अपीलची खिडकी

अमेरिकेत मुलांच्या कॉलेजसाठी आर्थिक मदत मागणाऱ्या घरांना तीन ठिकाणी जावं लागतं: सरकारचा फाफ्सा फॉर्म, कॉलेज बोर्ड या संस्थेचं सीएसएस प्रोफाइल आणि प्रत्येक कॉलेजचं स्वतःचं फायनान्शियल एड ऑफिस. या तिन्ही सेवांवर तक्रारी भरपूर वाचायला मिळतात, पण त्या बहुतेक वेबसाइट अडकल्याच्या नाहीतर पासवर्ड हरवल्याच्या असतात. हे परीक्षण एकाच प्रश्नापुरतं आहे. घरात कुणाची केमो, कुणाचं डायलिसिस, लहान भावाच्या थेरपीची दर आठवड्याची फी, असा मोठा खर्च चालू असेल, तर तो या तिघांपैकी कोण बघतं, आणि बघितल्यावर हातात नेमकं किती पडतं?

पहिलं उत्तर कडू आहे. फाफ्सा तो खर्च बघत नाही. अजिबात नाही.

फाफ्सा : फुकट, सोपा आणि आजारपणाच्या बाबतीत आंधळा

आधी चांगलं ते सांगू. फॉर्म पूर्ण मोफत आहे. डिसेंबर २०२० च्या सुलभीकरण कायद्यानंतर, म्हणजे २०२४-२५ च्या वर्षापासून, प्रश्न खूप कमी झाले. उत्पन्नाचे आकडे आता थेट आयआरएसकडून, म्हणजे कर खात्याकडून, येतात. पालकांनी आणि विद्यार्थ्यानं फक्त संमती द्यायची. ही संमती मात्र ज्याची ज्याची माहिती लागते त्या प्रत्येकानं द्यायची असते. एकानं जरी दिली नाही तरी एसएआय निघत नाही, आणि एसएआय नाही म्हणजे सरकारी मदत नाही. एसएआय हा जुन्या ईएफसीच्या जागी आलेला आकडा. कुटुंबाची खर्च पेलायची कुवत किती, याचा हा सरकारी अंदाज. तो उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो.

२०२४-२५ चा फॉर्म नेहमीच्या १ ऑक्टोबरऐवजी ३० डिसेंबर २०२३ ला कसाबसा उघडला आणि त्या वर्षी सगळ्यांचेच हाल झाले. २०२६-२७ चा फॉर्म सप्टेंबर २०२५ मध्येच खुला झाला. यंत्रणा आता बरीच सावरली आहे.

आता आपला मुद्दा. फॉर्मच्या एकाही पानावर वैद्यकीय खर्चाचा रकाना नाही. ‘आमची परिस्थिती वेगळी आहे’ असं लिहायला चौकोनही नाही. शिवाय उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं धरलं जातं: २०२६-२७ साठी २०२४ चं. म्हणजे आजार २०२५ मध्ये निघाला असेल, तर फॉर्ममध्ये तुमचं कुटुंब अजून ठणठणीत आहे.

सरकारचं यावरचं म्हणणं असं, की सूत्रात औषधपाणी धरलेलंच आहे. एसएआय काढताना कुटुंबाच्या आकारानुसार काही उत्पन्न संरक्षित म्हणून बाजूला ठेवतात. त्या रकमेतले ३० टक्के अन्नासाठी, २२ टक्के घरासाठी, ११ टक्के वैद्यकीय खर्चासाठी, अशी विभागणी शिक्षण खात्याच्या हँडबुकात दिलेली असते. हा ११ टक्क्यांचा आकडा पाठ करून ठेवा, पुढे अपिलात तो पुन्हा भेटणार आहे. गणिताला सोपं जावं म्हणून चौघांच्या घरासाठी संरक्षित रक्कम ४५,००० डॉलर धरली, तर त्यातले ४,९५० डॉलर दवाखान्याचे मानलेले असतात. ज्यांचं वर्षभरात आठशे डॉलरमध्ये भागलं त्यांनाही तेवढेच, आणि ज्यांचे सोळा हजार गेले त्यांनाही तेवढेच.

बरीच मंडळी इथे म्हणतात, ‘पण आम्ही टॅक्समध्ये मेडिकल डिडक्शन घेतलं आहे, ते येईलच की.’ इथेच घोडं पेंड खातं. फाफ्सा बघतो तो एजीआय, म्हणजे अशा वजावटींआधीचं समायोजित एकूण उत्पन्न. शेड्यूल ए (टॅक्स रिटर्नला जोडायचं वजावटींचं पुरवणी पत्रक) वरची वैद्यकीय वजावट, म्हणजे एजीआयच्या ७.५ टक्क्यांवरचा खर्च, एजीआयच्या खालच्या ओळीत वजा होते. एजीआय जागचा हलत नाही. उलट कर कमी झाला की एसएआयच्या सूत्रात भरलेल्या कराची जी वजावट मिळते ती घटते, आणि एसएआय किंचित वरच सरकतो!

याहून मोठा खड्डा पुढे आहे, आणि तो कर भरून देणाऱ्यांनाही सहसा माहीत नसतो. पालकांचा एजीआय ६०,००० डॉलरच्या आत असेल आणि रिटर्नला ए, बी, डी, ई, एफ किंवा एच यांपैकी एकही शेड्यूल जोडलेलं नसेल (शेड्यूल सी असल्यास त्यातला नफा-तोटा १०,००० च्या आत हवा), तर बचत आणि गुंतवणूक हिशेबातच धरत नाहीत. वैद्यकीय वजावटीसाठी शेड्यूल ए जोडलं की ही सूट गेली.

एक उदाहरण आकड्यांत बघा. एकटी आई आणि एक मूल, २०२४ चा एजीआय ५८,०००. दवाखान्यात स्वतःच्या पदरचे १४,००० गेले. ७.५ टक्के म्हणजे ४,३५०. वजावटीला उरले ९,६५०. गृहकर्जाचं व्याज ९,००० आणि राज्याचा कर ५,००० मिळवले की बेरीज २३,६५०. कुटुंबप्रमुख म्हणून मिळणारी स्टँडर्ड वजावट त्या वर्षी २१,९०० होती. म्हणजे फायदा १,७५० डॉलरच्या वजावटीचा, आणि १२ टक्क्यांनी प्रत्यक्ष वाचलेला कर २१० डॉलर. आता दुसरी बाजू. बँकेत पुढच्या उपचारांसाठी ठेवलेले ४०,००० आहेत आणि दुसरी कुठलीच सूट लागू नाही. त्या रकमेचे १२ टक्के, म्हणजे ४,८०० डॉलर, उत्पन्नात मिळवले जातात आणि त्यावर सर्वांत खालचा २२ टक्क्यांचा दर जरी लावला तरी एसएआय १,०५६ नं वाढतो. या उत्पन्नाचं घर पेल ग्रँटच्या (परत न करायच्या सरकारी अनुदानाच्या) पट्ट्यात बसतं, आणि तिथे एसएआयचा एक डॉलर वाढला की ग्रँटचा एक डॉलर जातो. २१० वाचवले, हजारावर घालवले. तेही एका वर्षासाठी.

म्हणून अशा घरांनी रिटर्न भरण्याआधी दोन्ही बाजू कागदावर मांडाव्यात. कॉलेजचं वर्ष दोन वर्षांनी येणार असलं तरी.

सवलतीची एक बाजूही आहे. कुटुंबातल्या कुणाला मेडिकेड (सरकारी आरोग्यविमा), एसएसआय (गरजू वृद्ध-अपंगांचा भत्ता) किंवा स्नॅप (अन्नसाहाय्य) मिळालं असेल, किंवा सरकारी बाजारपेठेतून घेतलेल्या आरोग्यविम्यावर परताव्याचं क्रेडिट मिळालं असेल, तर मालमत्ता मोजण्यातून सूट मिळते. हा प्रश्न फॉर्ममध्ये एका ओळीत येऊन जातो, आणि ‘आपण काही सरकारी मदत घेत नाही’ म्हणत लोक पुढे जातात. विम्याचं क्रेडिट ही त्यातलीच मदत आहे, हे त्या क्षणी ध्यानात येत नाही.

बचतीबद्दल आणखी एक. फाफ्सा बँकेतली शिल्लक बघतो ती फॉर्म भरण्याच्या दिवसाची. दवाखान्याचं थकलेलं बिल किंवा क्रेडिट कार्डावरचं देणं त्यातून वजा होत नाही. खात्यात १८,००० आणि हॉस्पिटलचं देणं १२,००० असेल, तर फॉर्मच्या लेखी तुमच्याकडे १८,००० आहेत. देणं ठरलेलंच असेल आणि हप्ते बिनव्याजी नसतील, तर आधी बिल फेडा आणि मग फॉर्मवर सही करा. यात लपवाछपवी काही नाही. त्या दिवसाची खरी शिल्लकच लिहायची आहे. वर्गणी काढून जमवलेला उपचारनिधी स्वतःच्या खात्यात पडून असेल, तर त्याचंही असंच.

आणि ४०१-के, म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, मोडून बिल भरलं असेल तर सावध. वैद्यकीय खर्च मोठा असला की मुदतपूर्व काढण्याचा १० टक्के दंड एजीआयच्या ७.५ टक्क्यांवरच्या खर्चापुरता माफ होतो, पण उत्पन्न म्हणून ती रक्कम एजीआयमध्ये चढतेच. दोन वर्षांनी फाफ्सा म्हणतो, वा, त्या वर्षी कमाई झकास होती. आजारानं एकदा मारलं, फॉर्मनं दुसऱ्यांदा.

पाचपैकी गुण : सोयीला चार. वैद्यकीय खर्च ओळखण्याला शून्य.

सीएसएस प्रोफाइल : लांबलचक, खोचक, पण विचारतं तरी

हा फॉर्म मुख्यतः खासगी कॉलेजं स्वतःचा अनुदानाचा पैसा वाटण्यासाठी वापरतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. अमेरिकेतल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या घरचं उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल तर फी माफ. भरायला एक संध्याकाळ पुरत नाही. घराची किंमत, गाड्या, घटस्फोटित जोडीदाराची मिळकत, असं सगळं खोदून विचारतात.

पण विम्यानं न भरलेला वैद्यकीय आणि दातांचा खर्च किती, हा प्रश्न यात आहे, आणि उत्पन्नाच्या ठरावीक प्रमाणाबाहेर गेलेला खर्च सूत्रातच वजा होऊ शकतो. वेगळं अपील न करता. शेवटी विशेष परिस्थितीसाठी जागा आहे, तीही वापरायचीच. मोकळ्या गद्यात व्यथा मांडू नका, आकडे लिहा. ‘वडिलांना मार्च २०२५ पासून डायलिसिस, आठवड्यातून तीन वेळा, २०२५ मध्ये पदरचा खर्च १३,४०० डॉलर, आईचे कामाचे तास ४० वरून २४ वर’. एवढं पुरे. बाकीचं कागदपत्रं सांगतील.

इथे दोन चुका सारख्या होतात. पहिली : विम्याचा हप्ता कुठे धरायचा ते न बघणं. पगारातून करपूर्व कापला जाणारा हप्ता आधीच उत्पन्नातून बाहेर आहे. तो पुन्हा खर्चात घातला की पडताळणीत आकडा जुळत नाही, आणि मग खऱ्या खर्चावरही संशय येतो. दुसरी : फ्लेक्सिबल स्पेंडिंग खात्यातून किंवा एचएसएतून (दोन्ही दवाखान्याच्या खर्चासाठी पैसे बाजूला ठेवायची खाती) दिलेली रक्कम. तीही करपूर्वच. बरीच ऑफिसं ती कापतात. (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट आणि फेडरल स्टुडंट एड, दोन्हीचं लघुरूप एफएसए. ऑफिसशी बोलताना पूर्ण नाव घ्या, नाहीतर दहा मिनिटं दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत बसाल.)

बरीच कॉलेजं कागदपत्रं आयडॉक या कॉलेज बोर्डाच्याच ऑनलाइन सेवेमार्फत मागतात. स्कॅन सरळ, एका प्रकारच्या कागदांची एक पीडीएफ, प्रत्येक पानावर विद्यार्थ्याचं नाव. फोनवर काढलेले तिरके फोटो हे उशिराचं सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत नेहमीचं कारण.

गुण : कटकटीला एक, वैद्यकीय खर्चाच्या न्यायाला साडेतीन. दीड गुण यासाठी कापला, की किती खर्च ग्राह्य धरायचा हे शेवटी प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं आणि कुटुंबाला ते गणित क्वचितच दिसतं.

अपीलची खिडकी : खरी सेवा इथे आहे

अपील म्हणजे कॉलेजच्या एड ऑफिसला घरची परिस्थिती दाखवून मदतीचा हिशेब पुन्हा करायला सांगणं. त्यावर ऑफिसरनं स्वतःच्या विवेकानं घेतलेल्या निर्णयाला कायद्याच्या भाषेत प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. हायर एज्युकेशन ॲक्टच्या ४७९ए कलमानं एड ऑफिसरला हा अधिकार दिला आहे, आणि विम्यात न बसलेला वैद्यकीय, दातांचा किंवा नर्सिंग होमचा खर्च कलमात नावानिशी लिहिलेला आहे. कुटुंबातल्या कुणाचं गंभीर अपंगत्वही. सुलभीकरण कायद्यानंतर सरसकट ‘आम्ही अशी अपिलं घेत नाही’ असं धोरण कॉलेजला ठेवता येत नाही, आणि अशी सोय आहे हे जाहीरपणे सांगणंही बंधनकारक आहे. या कामासाठी जादा कागद मागितले तर त्याची फीही घेता येत नाही.

मात्र होकार द्यायलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. प्रत्येक प्रकरण वेगळं तपासायचं, कारण फायलीत नोंदवायचं, आणि निर्णय अंतिम. शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. एका कॉलेजनं मानलं म्हणून दुसरं मानेल असंही नाही. पाच कॉलेजं म्हणजे पाच अर्ज. पुढच्या वर्षी पुन्हा.

ऑफिसर एसएआयचा आकडा खोडून नवा लिहीत नाही. तो सूत्रात जाणारा एखादा घटक बदलतो, बहुधा एजीआय, किंवा कॉलेजचा एकूण खर्च म्हणजे सीओए वाढवतो. हा फरक कळला की अर्धं अपील समजलं. सीओए वाढणं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खर्चासाठी असतं, जसं अपंगत्वामुळे लागणारी उपकरणं किंवा मदतनीस. त्यानं एसएआय बदलत नाही. हातात बहुतेक वेळा येतं ते जास्त कर्ज घेण्याची परवानगी. आई-वडिलांच्या आजारपणासाठी मागायचं ते उत्पन्नातली वजावट.

आता मघाचे ११ टक्के. चौघांचं घर, पदरचा खर्च १६,०००. ऑफिस सूत्रात आधीच धरलेले ४,९५० वजा करतं, उरतात ११,०५०. एवढ्यानं एजीआय खाली येतो. पण एसएआय ११,०५० नं उतरत नाही. पालकांच्या उपलब्ध उत्पन्नावर २२ ते ४७ टक्क्यांचे चढते दर लागतात, म्हणून घट साधारण २,४३० ते ५,१९० च्या मध्ये कुठेतरी. सोळा हजारांचा खर्च दाखवून फार तर पाच हजारांच्या आसपास! निराश होऊ नका, पण अपेक्षा इथे ठेवा.

मग ही घट पैशांत उतरते का? ते कॉलेजवर आहे. समजा एसएआय १२,००० वरून ८,००० वर आला. पेल ग्रँटची कमाल रक्कम २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर. एसएआय त्याच्या वर असेल तर कमाल रकमेतून एसएआय वजा करून ठरणारं पेल मिळत नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. गरज पूर्ण भागवण्याचं वचन देणाऱ्या श्रीमंत खासगी कॉलेजात तेच ४,००० डॉलर जवळपास तसेच अनुदान म्हणून येऊ शकतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत स्वतःचा गरजेवरचा पैसाच तोकडा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तिथे फार तर शिकत असताना व्याज न चढणारं कर्ज पदरात पडेल, तेही पहिल्या वर्षीच्या एकूण ५,५०० च्या मर्यादेत. याउलट एसएआय ६,५०० वरून ३,५०० वर आला तर सरळ तीन हजारांनी पेल वाढतं, आणि ते कुठल्याही पात्र कॉलेजात. म्हणून अपील लिहिण्याआधी सध्याचा एसएआय बघा. सहा-सात हजारांच्या आसपास असेल तर चिकाटी धरा. वीस हजार असेल आणि मूल सरकारी विद्यापीठात जाणार असेल, तर दोन आठवडे कागद गोळा करण्याआधी ऑफिसला एकच प्रश्न विचारा : एसएआय कमी झाला तर तुमच्याकडे द्यायला अनुदान आहे का?

आजारपणात कमाईही घटते, आणि हे लोक विसरतात. बिनपगारी रजा, अर्धवेळ काम, बंद झालेला ओव्हरटाइम. उत्पन्नातली घट हा वेगळा आधार आहे आणि तिला ११ टक्क्यांची कात्री लागत नाही. एफएमएलए या कौटुंबिक-वैद्यकीय रजेच्या कायद्याखाली १२ आठवड्यांची बिनपगारी रजा घेतली असेल, तर आठवड्याला १,५०० कमावणाऱ्याचे १८,००० गेले. पुष्कळदा दवाखान्याच्या बिलापेक्षा हीच रक्कम मोठी असते. एकाच अर्जात दोन्ही मांडा, पण दोन वेगळ्या शीर्षकांखाली. ४०१-के मोडल्यामुळे फुगलेलं उत्पन्न हा तिसरा आधार. एकदाच आलेली रक्कम म्हणून ती काढून टाकायची विनंती करता येते. ती बिलांवरच खर्च झाल्याचा पुरावा जोडा.

कागदांचं बघू. अपिलं इथेच पडतात.

हॉस्पिटलचं बिल हा खर्चाचा पुरावा नव्हे. विमा कंपनीचं ईओबी (बिलातलं कुणी किती भरायचं ते सांगणारं पत्रक) आणि तुम्ही पैसे भरल्याची पावती, ही जोडी लागते. एका ईओबीकडे नीट बघा. वर मोठ्या अक्षरांत बिलाची रक्कम १८,४००. खाली नेटवर्क सवलत ११,९००. म्हणजे मान्य रक्कम ६,५००. विम्यानं दिले ४,३००. तुमचा वाटा २,२००. अपिलात जायचे ते २,२००, आणि तेही भरले असतील तरच. पहिला आकडा बघून १८,४०० लिहिणारे अर्ज कमी नसतात. ऑफिसर असा एक आकडा पकडतो आणि मग उरलेल्या तीस ओळी भिंगातून वाचतो.

न भरलेल्या बिलांना बहुतेक ऑफिसं खर्च मानत नाहीत. हॉस्पिटलशी लेखी हप्त्यांचा करार असेल, तर त्या वर्षात भरलेले हप्ते मानतात. म्हणून तोंडी ठरवू नका, करार कागदावर घ्या. क्रेडिट कार्डानं भरलं असेल तर कार्डाचं स्टेटमेंट चालतं, व्याज मात्र धरत नाहीत असं समजून चाला.

औषधांसाठी शंभर चिठ्ठ्या चिकटवू नका. फार्मसीकडून पूर्ण वर्षाचा प्रिस्क्रिप्शनचा छापील तपशील मागा. मागितला की देतात, त्यात तारीख, औषध आणि तुम्ही दिलेली रक्कम असते. डॉक्टरांचं पत्र दोन ओळींचं पुरे : आजार चालू आहे, उपचार किती काळ चालतील. निदानाचे अहवाल पाठवायची गरज नसते. मागितले तरी काय झाकता येईल ते विचारा. एड ऑफिसला आजाराचा तपशील नको असतो, खर्च पुढेही चालणार का एवढंच हवं असतं.

सगळ्याच्या वर एक पानाचा तक्ता. तारीख, कुणासाठी, कशासाठी, बिल, विम्यानं दिले, आम्ही भरले, पुरावा क्रमांक. ‘१४ मार्च, आई, एमआरआय, १८,४०० / ४,३०० / २,२००, पुरावा ७’. सातवा कागद उघडला की तोच आकडा दिसला पाहिजे. शेवटी बेरीज. पत्र अर्ध्या पानाचं. हे पैसे घेऊन लिहून देणारे सल्लागार आहेत, पण ऑफिसरला सुंदर इंग्रजी नको असतं, जुळणारी बेरीज हवी असते. ती घरच्या घरी होते.

क्रमही पाळा. फाफ्सा आधी भरून झालेला हवा. तो पडताळणीसाठी निवडला गेला असेल तर पडताळणी पुरी होईपर्यंत अपील हलत नाही. मग ऑफिसच्या पानावर ‘स्पेशल सर्कमस्टन्सेस’चा त्यांचा स्वतःचा फॉर्म शोधा, ‘अनयुज्वल सर्कमस्टन्सेस’ वेगळं, ते पालकांशी संबंध तुटलेल्या मुलांसाठी, चुकून तो भरू नका. कुठल्या वर्षाचा खर्च धरतात ते विचारा. काही ऑफिसं फॉर्मचंच आधारवर्ष घेतात, काही गेले बारा महिने. आणि लवकर. कॉलेजचा अनुदानाचा पैसा वसंतातच वाटला जातो. ऑगस्टमध्ये पाठवलेलं अपील म्हणजे वरातीमागून घोडं. पेल तेव्हाही वाढू शकतं, कॉलेजचं अनुदान बहुधा नाही.

मराठी घरांत हमखास निघणारा एक प्रश्न : भारतातल्या आई-वडिलांच्या ऑपरेशनचा खर्च आम्ही उचलला, तो चालेल का? कुटुंबाच्या आकारात ते धरले जात नाहीत. आकार आता मुख्यतः टॅक्स रिटर्नवरच्या अवलंबितांवरून ठरतो, आणि अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी नसलेले, भारतात राहणारे आई-वडील तिथे दाखवता येत नाहीत. खर्चाचं मात्र ऑफिसरच्या विवेकावर आहे. मांडायचाच तर वेगळ्या तक्त्यात मांडा, मुख्य बेरजेत मिसळू नका. रुपयांतलं मूळ बिल, त्याचा एका परिच्छेदाचा इंग्रजी सारांश, पैसे पाठवल्याचा बँकेचा पुरावा आणि त्या दिवसाचा विनिमय दर. नाकारला गेला तर मुख्य अर्जाला धक्का लागत नाही, हा वेगळ्या तक्त्याचा फायदा.

पालकांच्या व्हिसाची अडचण नसते, हेही जाता जाता. मूल नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर पालक एच-१बी वर असले तरी फाफ्सा चालतो. मूलच एच-४ वर (अवलंबितांच्या व्हिसावर) असेल तर फेडरल सरकारची मदत नाही; तिथे सीएसएस आणि कॉलेजचा स्वतःचा पैसा हाच मुख्य रस्ता.

आजारी खुद्द विद्यार्थी असेल तर खिडकी तीच, पण नियम आणखी दोन. सत्राचे ६० टक्के दिवस व्हायच्या आत कॉलेज सोडलं तर सरकारी मदतीचा न ‘कमावलेला’ भाग परत जातो, आणि वैद्यकीय कारण असलं तरी हे गणित बदलत नाही. शक्य असेल तर सोडण्याची तारीख डीन आणि एड ऑफिस दोघांशी बोलून ठरवा. आणि नापास विषयांमुळे मदत थांबली असेल तर एसएपीचं, म्हणजे अभ्यासातल्या समाधानकारक प्रगतीच्या अटीचं, अपील वेगळं करावं लागतं. उत्पन्नाचं अपील मंजूर झालं म्हणून ते आपोआप सुटत नाही.

गुण : चार, ऑफिसर चांगला भेटला तर. वाईट भेटला तर दोन, आणि तक्रार करायला वरचं दार नाही.

मंजुरीचं ईमेल आल्यावरही एक काम उरतं. सुधारित आकडे सरकारी यंत्रणेत गेले की फाफ्साचा सारांश नव्यानं तयार होतो. तो उघडून एसएआय खरंच बदलला का ते बघा, आणि नवं अवॉर्ड लेटर (मदतीचं पत्र) जुन्याशेजारी ठेवून ओळ ओळ ताडा. गरज वाढली म्हणून अनुदान वाढलं, की नुसता कर्जाचा आकडा वाढवून बेरीज मोठी दाखवली, ते तिथेच कळतं. कर्जच वाढलं असेल तर ते पूर्ण घ्यायलाच हवं असं नाही; लागेल तेवढंच स्वीकारता येतं. त्याच बैठकीत पुढच्या वर्षाची फाइल उघडा आणि जानेवारीत फार्मसीकडून छापील तपशील मागायची आठवण फोनमध्ये लावून ठेवा. डिसेंबरातली शेवटची रिफिल त्यात आलेली असते.